काळ्या कापडावरची पावडर

सोमवार, ४ मार्च

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, रोज लिहा. काय खाल्लं, कशाला हात लावला, साबण कुठला, खाज कधी सुरू झाली आणि कधी थांबली. मेमध्ये वही घेऊन या, म्हणाल्या. ऑपरेशन थिएटरमध्ये सतरा वर्षं मी दुसऱ्यांच्याच नोंदी ठेवत आले. किती बोळे पोटात गेले, किती बाहेर आले, पहिला टाका कितव्या मिनिटाला पडला. स्वतःबद्दल लिहायची ही पहिलीच वेळ. लेकीची अर्धी कोरी राहिलेली भूमितीची वही घेतलीय. पुढून तिची वर्तुळं, मागून मी.

तर, दोन्ही हात मनगटापर्यंत लाल. बोटांच्या बेचक्यात भेगा. लाली मनगटावर अशी थांबते, जणू कुणी तिथे रेघ मारून दिलीय.

सकाळी चहा, एक केळं. केळं खाल्लं की हल्ली ओठ चुरचुरतात, पण ते जाऊ दे, इथे हातांबद्दल लिहायचंय. थिएटरमध्ये तीन ऑपरेशनं. दुपारी खाज. घरी भांडी, मग जास्त खाज. माझा संशय हात धुवायच्या बेसिनवरच्या नव्या गुलाबी साबणावर आहे. वासच चोरट्यासारखा आहे त्याचा.

बुधवार, ६ मार्च

गुलाबी साबण बंद. घरून पांढरी वडी नेली. काही फरक नाही.

थिएटरमध्ये पाऊल टाकलं की शिंका सुरू होतात. आज सलग सात. थिएटर पुसणाऱ्या मावशी म्हणाल्या, "सिस्टर, तुमच्या शिंका ऐकल्या की मला कळतं आठ वाजले." त्यांना स्वतःला खोकला आहे. पदराच्या गाठीत दम्याचा पंप बांधून फिरतात. दोघींनी मिळून एसीला दोष दिला. मावशी म्हणाल्या, त्याच्या पोटात काय काय साठलं असेल देव जाणे.

शनिवार, ९ मार्च

हुशारी सुचली. थिएटरमधून ग्लोव्हजच्या पाच जोड्या घरी आणल्या आणि भांडी घासताना घातल्या. हाताला पाणी नको, साबण नको, काहीच नको.

सोमवार, ११ मार्च

हात आणखी बिघडले. म्हणजे भांड्यांचा साबण इतका जहाल आहे की ग्लोव्हजमधूनही आत शिरतो. नवऱ्याला म्हटलं, दुसरा साबण आणा. तो म्हणाला, "साबण राहू दे, भांडीच माझ्याकडे दे." शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस, त्यामुळे कढईसुद्धा पुर्जे सुटे केल्यासारखी घासतो. दुकानात सध्या काम कमी आहे, म्हणून वेळ जात नसेल त्याचा.

रविवार, १७ मार्च

ताईकडे चार दिवस राहून आले. तिची सून बाळंत झालीय. चार दिवस दुपटी धुतली, कांदे चिरले, फरशा पुसल्या, एकही गोष्ट टाळली नाही, आणि हात बघा तर लोण्यासारखे. शिंक नाही. मी ताईला म्हटलं, तुमच्या गावचं पाणी मऊ आहे. ताई म्हणाली, "इथलं पाणी? नळाला तोटीवर क्षार बसतो इथे." पण माझी खात्री आहे. येताना दोन कॅन भरून आणले. बसमध्ये कंडक्टरने विचारलं, तेल आहे का. पाणी आहे म्हटल्यावर त्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती अजून आठवते.

मंगळवार, १९ मार्च

ताईच्या पाण्याने हात धुतले, मग थिएटर. अकरापर्यंत पुन्हा लाल. कॅनमधल्या पाण्याने लेकीने कुंड्या भिजवल्या.

गुरुवार, २१ मार्च

आज मोठ्या डॉक्टरांनी बाजूला बोलावलं. हे आमचे मुख्य सर्जन. तीस वर्षं झाली, अजून हात कापत नाही. मला वाटलं हातांवरून बोलणार, आणि बोललेच. "सिस्टर, थिएटरमध्ये भेगा चालत नाहीत. जंतू तिथेच घर करतात. लक्ष द्या." मी मान हलवली. निघताना त्यांनी सहज विचारलं, कुठलं मलम लावता. मी नाव सांगितलं. "बायकोला हवं होतं," म्हणाले आणि पूर्ण बाह्यांच्या शर्टाच्या खिशात चिठ्ठी घातली. त्यांच्या बायकोचे हात मी बघितलेत, चांगले गुळगुळीत आहेत. पण असेल काही.

भेगा दिसल्या तर मला थिएटरमधून काढतील, हे माहीत आहे. मग काय, वॉर्डात तापमान मोजत बसायचं. मला वॉर्ड कमी वाटत नाही. पण सर्जनने हात पुढे केला की न मागता बरोबर चिमटा त्याच्या तळव्यात ठेवायचा, हे एकच काम मला जगातल्या कुणाहीपेक्षा बरं येतं. ते गेलं तर उरलं काय?

आजपासून ग्लोव्हजच्या दोन-दोन जोड्या घालते. भेगा झाकल्या जातात.

गुरुवार, ४ एप्रिल (वॉर्ड, खाट क्रमांक नऊ)

परवा काय झालं ते सावकाश लिहिते.

मंगळवारी मोठं ऑपरेशन होतं. सुरू व्हायच्या आधी भूक नको म्हणून दोन केळी खाल्ली. दोन जोड्या चढवल्या. तासाभरात वरची फाटली, बदलली. मग पुन्हा फाटली, पुन्हा बदलली. जोडी ओढून काढली की पावडरचा लोट उडतो, सवयीने मी मान वळवते. मग मानेला आग झाली. कानांच्या पाळ्या गरम. गाऊनच्या आत कुणी मुंग्यांचं वारूळ सोडल्यासारखं. मी म्हटलं, दहा मिनिटं कळ काढ. मग घसा आवळला. मोठ्या डॉक्टरांनी हात पुढे केला आणि मी चिमटा दिला, तो चुकीचा होता. सतरा वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी मान वर करून बघितलं तोवर माझे गुडघे गेले.

पडताना मी ट्रॉलीला "सॉरी" म्हटलं, असं सगळे सांगतात. खरं असावं. निर्जंतुक मांडणी बिघडवल्याची लाज मला जिवापेक्षा मोठी वाटली.

धाकटी सिस्टर धावली आणि माझे गाल थोपटायला लागली. जिथे जिथे तिचा हात लागला तिथे तिथे चेहरा फुगला. ते बघितलं भूल देणाऱ्या मॅडमनी. त्या ओरडल्या, "आधी ग्लोव्हज काढ. तिला ग्लोव्हजनी हात लावू नका कुणी." मांडीत इंजेक्शन बसलं. छातीत घोडे उधळले आणि मग हळूहळू हवा आत आली. हवेला चव असते हे मला माहीत नव्हतं.

पेशंट बाई व्यवस्थित आहेत. धाकटी सिस्टर हात धुऊन माझ्या जागी उभी राहिली आणि ऑपरेशन पूर्ण झालं. हे आधी विचारून घेतलं, मगच झोपले.

मॅडम काल खाटेवर येऊन बसल्या. "किती दिवस चाललंय हे?" मी वही दिली. त्यांनी सगळी वाचली, ताईच्या पाण्यापाशी हसल्या, मग हसू थांबलं. "यात साबण आहे, कांदा आहे, पाणी आहे. ग्लोव्हजवर संशय कुठे आहे?"

मी म्हटलं, "मॅडम, ते तर हात सांभाळायला असतात."

मनगटावर जिथे लाली थांबत होती, तिथे त्यांनी बोट ठेवलं. ग्लोव्ह जिथे संपतो तीच जागा. महिनाभर रोज लिहीत होते आणि मला दिसलं नाही.

शुक्रवार, १२ एप्रिल

तपासणी झाली. हातावर थेंब ठेवून टोचतात, वीस मिनिटं थांबतात. लॅटेक्सच्या, म्हणजे रबराच्या चिकाच्या थेंबाखाली गांधी उठली, चांगली बटणाएवढी.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. रबराच्या झाडाच्या चिकात काही प्रथिनं असतात, ती माझ्या शरीराला शत्रू वाटतात. केळ्यात त्यांची भावंडं असतात, म्हणून ओठ चुरचुरायचे. आणि पावडर, म्हणजे मक्याचं पीठ, स्वतः निरुपद्रवी, पण ती प्रथिनं पाठीवर घेऊन हवेत फिरते. ग्लोव्ह न घालणाऱ्याच्याही नाकात जाते. पोटात सांडली तर आतडी एकमेकांना चिकटू शकतात. हे शेवटचं मला माहीत होतं. म्हणून तर आम्ही पेशंटला हात लावायच्या आधी ग्लोव्हज ओल्या बोळ्याने पुसतो. पेशंटसाठी पुसत होतो. आपण श्वास घेतो हे डोक्यातच आलं नाही.

"लॅटेक्स कायमचं बंद," त्या म्हणाल्या. "तुमचं बंद आहेच. पण त्या खोलीतल्या सगळ्यांनी पावडरवाले सोडले पाहिजेत. त्याशिवाय आत जाऊ नका."

मी हो म्हटलं.

बुधवार, २४ एप्रिल

हात बरे झाले. नुसते बघत बसते. लेक म्हणते, "आई, साखरपुड्याच्या मुलीसारखी काय बघतेस?"

मेट्रनबाई भेटायला आल्या. नोंदींच्या विभागात जागा आहे म्हणाल्या. खिडकीजवळचं टेबल, पंखा डोक्यावर, शनिवार अर्धा दिवस. मायेने बोलत होत्या, त्यामुळे जास्त वाईट वाटलं.

मी त्यांना अर्धंच सांगितलं. म्हटलं, मला दुसरे ग्लोव्हज द्या, नायट्रिलचे, ते रबराच्या चिकाचे नसतात. मी पुन्हा उभी राहीन. बाकीच्यांचं बोलले नाही. एकटीसाठी सगळ्यांनी हात बदलायचे, असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

नवऱ्याला हे सांगितलं नाही. त्याने मात्र स्वयंपाकघरातले उरलेले ग्लोव्हज, लेकीच्या वहीचं रबर, दारामागचे जुने फुगे, सगळं पोत्यात भरून बाहेर ठेवलंय. मी म्हटलं, हे काय. तर म्हणाला, पसारा फार झाला होता.

सोमवार, ६ मे

परतले. निळे ग्लोव्हज. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खिशात तेच मांडीत टोचायचं इंजेक्शन. एक छोटं ऑपरेशन, काही त्रास नाही. चिमटा बरोबर दिला.

बुधवार, ८ मे

आज चार ऑपरेशनं होती. दुसऱ्यापासून नाक, तिसऱ्याला छातीत शिट्टी. हात कोरडे, स्वच्छ, आणि श्वास मात्र नाही. शेजारी मोठ्या डॉक्टरांनी ग्लोव्ह चटकन ओढला आणि दिव्याच्या झोतात पावडर तरंगत खाली आली. इतकी वर्षं रोज बघितलेलं. आज पहिल्यांदा दिसलं.

मॅडमनी मला बाहेर काढलं. पंपाचे दोन झोत घ्यावे लागले. पंप मावशींचा होता, दुसरा जवळ नव्हता. मग मॅडम रागावल्या, "त्वचेच्या डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या, खरं सांग." खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आपण पेशंटच्या बाबतीत असं अर्धवट सांगणाऱ्याला काय म्हणतो?"

पुन्हा रजा. घरी आल्यावर स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडले. नवऱ्याने स्टूल आणून ठेवलं.

मंगळवार, १४ मे

मावशी घरी आल्या. त्यांना पुढच्या महिन्यापासून येऊ नका म्हणणार आहेत असं कानावर आलंय, कारण खोकल्याने थिएटरच्या बाहेर पेशंट घाबरतात. "तीन वर्षं औषध घेतेय," म्हणाल्या. "सुट्टीच्या दिवशी मी बरी. नातवंडं म्हणतात, आजीला कामाचा कंटाळा आहे."

मी भांडं खाली ठेवलं. विचारलं, "सुट्टीच्या दिवशी बऱ्या? दर सुट्टीला?"

"रविवारी चार मजले चढून जाते मी लेकीकडे. सोमवारी तुमच्या थिएटरची एक पायरी चढवत नाही."

मावशी ग्लोव्हज घालत नाहीत. त्या फक्त पुसतात. टेबल, ट्रॉली, दिवे, फरशी, दिवसातून चारदा. ती पांढरी धूळ गोळा करायची आणि झटकायची, हेच त्यांचं काम.

इतके दिवस मला वाटत होतं मी एकटीसाठी मागतेय. त्यांना लिहिता येत नाही. म्हणून कॅलेंडर दिलं. खोकला आला त्या दिवसाच्या चौकटीत आडवी रेघ, फार आला तर दोन, नाही आला तर काही नाही. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडेही पाठवलं. मावशी म्हणाल्या, "टोचून घ्यायचं? आणि त्याचे पैसे देऊ नका म्हणता? मग काय हरकत आहे."

सोमवार, २७ मे

मावशींच्या हातावरही गांधी उठली. माझ्यापेक्षा मोठी. त्यांना त्याचा थोडा अभिमान आहे.

आज मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. मला त्या खोलीत जायला मॅडमनी बंदी केली होती, म्हणून मी व्हरांड्यात, काचेच्या दाराबाहेर. आत मॅडम, आणि नाकातोंडावर मास्क बांधून मावशी. नवऱ्याने दुकानातून कोटाच्या अस्तराचं काळं कापड दिलं होतं, दोन मीटर. मावशींनी ते डॉक्टरांच्या टेबलावर पसरलं, चहाचा कप आणि चष्मा न उचलता, सगळ्यावरून.

मॅडम म्हणाल्या, "सर, एक जोडी घाला आणि काढा. नेहमीसारखी."

"हा काय खेळ आहे?"

"दोन मिनिटांचा आहे."

त्यांनी घातली, काढली. आणि काळ्या कापडावर पांढरं उमटलं. मधोमध नुसता शिडकावा नाही, कडेपर्यंत, कप ठेवलेल्या उंचवट्यावर, त्यांच्या बाह्यांवर. काचेतून मला सगळं दिसत होतं. मॅडम काहीतरी बोलणार होत्या, पण मावशींनी आधी तोंड उघडलं. दार बंद होतं तरी आवाज आला.

"साहेब, ही एका जोडीची. तुम्ही दिवसाला किती घालता ते मी मोजलं नाही. पण पुसते मी." मग कॅलेंडर पुढे ठेवलं. "हे माझं. रेघा आहेत ते कामाचे दिवस."

डॉक्टर म्हणाले, "मावशी, तीस वर्षं मी हेच वापरतोय. पावडर नसली तर हात आत सरकत नाही. घाम असतो, घाई असते. पेशंट उघडा असतो. तुम्हाला ते कळायचं नाही."

"नाही कळत," मावशी म्हणाल्या. "मला खोकला कळतो."

ते कॅलेंडर बघत राहिले. बोट एकेका रविवारवरून खाली नेलं. मला वाटलं आता उठून जातील. आणि त्यांनी बाह्यांची बटणं काढली, दोन्ही बाह्या वर सरकवल्या.

मी काचेला नाक लावलं. मनगटापर्यंत लाल, वर पांढऱ्या रेघा, भेगांवर मलम. माझंच मलम. "बायकोला हवं होतं."

बाहेर आले, ते आधी कोपरापर्यंत हात धुऊन, शर्ट झटकून, आणि माझ्यापासून चार पावलांवर उभे राहिले.

"सहा वर्षं," ते म्हणाले. "सर्जनचे हात खराब आहेत म्हटलं तर पेशंट झोपेल का टेबलावर? म्हणून झाकले. तुम्हाला मात्र भेगांवरून बोललो." मग, "चुकलं माझं, सिस्टर."

सतरा वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द मी ऐकला नव्हता. म्हटलं, "सर, रात्री झोपताना सुती मोजे घाला मलमावर. लवकर भरतं."

गुरुवार, १३ जून

भांडारातल्या काकांनी डोक्याला हात लावला. जुन्या खोक्यांचा डोंगर आहे. डॉक्टरांनी सांगितलं, पुरवठादाराला परत करा, आणि पुढची मागणी बिनपावडरचीच. थिएटरमध्ये सगळ्यांना नायट्रिल. एका आठवड्यापुरतं थिएटर बंद करून भिंती, दिव्यांचे दांडे, एसीची जाळी, वरचे पाइप सगळं ओलं पुसायचं ठरलं. एसीची जाळी आजच उघडली, त्याच्या पोटात काय काय साठलं होतं ते मावशींनी मला फोनवर तपशीलवार ऐकवलं. एसीवरचा आरोप अगदीच खोटा नव्हता म्हणायचा.

डॉक्टरांच्या रक्ताचीही तपासणी झाली. त्यांना माझ्यासारखी नाही. त्वचा फक्त घामाने, घासण्याने, पावडरने आणि रबरात घालतात त्या रसायनांनी चिडलेली. बरी होईल, म्हणाल्या डॉक्टरीणबाई. त्यांचा जीव भांड्यात पडला असेल, पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. शर्ट मात्र अर्ध्या बाह्यांचा होता.

सोमवार, १ जुलै

आज पहिला दिवस. दारापाशी मी थांबले. पाय उचलेना. मागून मावशी म्हणाल्या, "आठ वाजले का? मला कळलंच नाही." तेव्हा लक्षात आलं की शिंक आली नाही.

मोठ्या डॉक्टरांची मजा झाली. ओले हात नायट्रिलमध्ये घालायला गेले, तर बोटं अर्ध्यात अडकली, करंगळीच्या जागी अंगठा. एक फाटला, दुसरा फाटला. तिसरा फाटल्यावर खोलीत कुणी हसायची हिंमत करेना. मी म्हटलं, "सर, टॉवेलने बोटांच्या बेचक्या टिपा. वीस आकडे मोजा. मग घाला." त्यांनी शाळेतल्या मुलासारखे वीस आकडे मोजले. मोठ्याने. ग्लोव्ह बसला.

सगळं झाल्यावर म्हणाले, "पकड चांगली आहे यात." एवढंच. त्यांच्याकडून हे पुष्कळ.

चार ऑपरेशनं झाली. छातीत शिट्टी नाही. चारही वेळा चिमटा त्यांनी बघायच्या आधी तळव्यात.

मंगळवार, १६ जुलै

मावशींच्या जुलैच्या पानावर आतापर्यंत तीन रेघा. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात अकरा होत्या. दमा पूर्ण जाणार नाही, पंप लागणारच, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय. पण येऊ नका असं आता कुणी म्हणत नाही. उलट मेट्रनबाईंनी त्यांना बाकीच्या विभागांत पाठवलंय, काळं कापड घेऊन. प्रसूती विभाग झाला, दंत विभाग झाला. मावशी म्हणतात, दातांचे डॉक्टर सगळ्यात जास्त ओशाळले.

शुक्रवार, ९ ऑगस्ट

ऑपरेशनच्या आधीच्या प्रश्नांच्या कागदावर आम्ही एक प्रश्न वाढवलाय. फुगा फुगवल्यावर किंवा रबराला हात लावल्यावर कधी ओठ सुजले, अंगावर गांधी आल्या का? गेला महिनाभर हा विचारला की पेशंट हसतात. एका आजोबांनी विचारलं, वाढदिवस साजरा करणार आहात का माझा. मीसुद्धा हसून पुढच्या प्रश्नावर जायला लागले होते.

परवा बालवाडीच्या एक बाई दाखल झाल्या. चाळिशीच्या, गर्भाशयाच्या गाठीचं ऑपरेशन. आधी तीन ऑपरेशनं झालेली. मी प्रश्न विचारला. त्या हसल्या नाहीत. हातातल्या रुमालाची घडी घालत राहिल्या.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" म्हणाल्या.

"कुणी नाही. सगळ्यांना विचारतो."

मग बोलल्या. मुलांचे वाढदिवस असले की फुगे त्या शिपाईमामांकडून फुगवून घेतात. एकदा स्वतः फुगवले तर ओठ इतके सुजले की मुलं रडायला लागली. मागच्या ऑपरेशनच्या वेळी टेबलावरच रक्तदाब एकदम खाली गेला होता. डॉक्टर म्हणाले होते, भूल सोसली नाही. "फुग्याचं मी कुणाला बोलले नाही. एवढी मोठी बाई फुग्याला घाबरते म्हणून हसतील."

मी कागद घेऊन धावत मॅडमकडे गेले. धावत, सतरा वर्षं कॉरिडॉरमध्ये धावू नका असं मीच सगळ्यांना सांगत आले. तपासणी झाली, आणि बाईंची गांधी माझी आणि मावशींची दोन्ही मिळून झाली असती एवढी. आज त्यांना यादीत पहिलं घेतलं. नळ्या, सलाईनची बुचं, पट्ट्या, रक्तदाबाचा पट्टा, एकूण एक गोष्ट मी आणि मॅडमनी दोनदा तपासली. ग्लोव्हज तर निळेच. मोठ्या डॉक्टरांनी बोटांच्या बेचक्या टिपल्या आणि मनातल्या मनात वीस मोजले, ओठ हलताना दिसले.

दीड तास. रक्तदाब रेघेसारखा सरळ.

दुपारी वॉर्डात गेले. बाई जाग्या होत्या, ओठ जसेच्या तसे. "झालं?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "झालं."

मी एका पुठ्ठ्याच्या कार्डावर ठळक अक्षरात लिहून नेलं होतं: 'मला लॅटेक्सची ॲलर्जी आहे. शस्त्रक्रीयेत रबराचे ग्लोव्हज वापरू नयेत.' म्हटलं, हे कायम पर्समध्ये ठेवा, कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर आधी हे दाखवा. त्यांनी कार्ड डोळ्यांजवळ धरून वाचलं. भूल पुरती उतरलेली नव्हती तरी कपाळाला आठी पडली.

"पेन आहे का?" म्हणाल्या.

दिला. पडल्या पडल्याच, सलाईन नसलेल्या हाताने, त्यांनी 'शस्त्रक्रीया'मधली दीर्घ वेलांटी खोडली आणि ऱ्हस्व काढली. मग कार्ड लांब धरून पुन्हा एकदा वाचलं, मुलांना ऐकवावं तसं, शब्द सुटे करून.

"आता बरोबर," त्या म्हणाल्या, आणि झोपल्या.